पुन्हा भरलेली काडतुसे : एका अमेरिकी घरगुती कसबाची शिकवणी

पुण्याच्या जुन्या बाजारात मी पुस्तकांसाठी जातो असे म्हटले, तर तिथली नेहमीची मंडळी हसतील. तिथे पुस्तके फारशी नसतातच. गंजलेले पाने, स्टोव्हचे बर्नर, घड्याळांचे पट्टे, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी गोणपाटावर पडलेली माहितीपुस्तके. मला हवी असतात ती हीच. शिवणयंत्राबरोबर येणारी, डिझेल इंजिनाबरोबर येणारी, छापखान्यात खिळ्याला टांगून काळी पडलेली. जे काम माणसे एकमेकांना हाताला हात लावून शिकवतात, ते कागदावर उतरवताना काय उरते आणि काय गळते, हा माझा वीसेक वर्षांचा नाद आहे. माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले. त्यापुढचे जे काही आहे, ते अशाच पुस्तकांतून आलेले.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी अशाच गोणपाटावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळाले. लायमन या अमेरिकी कंपनीचे, १९७०च्या आसपासचे. विषय : उडवलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा कशी भरावीत. चाळीस रुपये पडले. परदेशातून परतलेल्या कुणाच्या तरी सामानातून ते आले असावे. पुस्तकभर पेन्सिलच्या नोंदी होत्या : तारखा, आकडे, 'हवा थंड', 'वारा डावीकडून'. आणि एका पानाच्या समासात, जरा दाबून लिहिलेली एक ओळ. तिचे मराठी असे होईल : 'दोनदा पडली असेल. पन्नासही मोडली.'

काय दोनदा पडले? पन्नास काय मोडले, आणि का? या ओळीचा अर्थ लावता लावता मी त्या कसबात शिरलो. हात मात्र एकाही काडतुसाला लावलेला नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत उलट आहे : स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला तिथल्या संघराज्य कायद्याने परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. तेव्हा पुढे मापे नाहीत, कृतीही नाही. मला कुतूहल आहे ते एवढेच, की चूक झाली तर डोळा किंवा बोटे जातील असे काम एखादा नवखा माणूस गुरूशिवाय, घरातल्या टेबलाशी बसून कसा शिकतो.

आधी शब्द. 'काडतूस' आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले. मूळ शब्द 'कार्तुशो'. मराठी वाचकाला ते १८५७मुळे ठाऊक असते, पण ते काडतूस कागदाचे होते. दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. त्याचा कागद बारात संपायचा. पुन्हा भरण्याचा प्रश्न उभा राहिला तो काडतूस धातूचे झाल्यावर. धातूच्या काडतुसाचे चार भाग : पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, पोटातली दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. आपली वर्तमानपत्रे या सगळ्याला सरसकट 'गोळी' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. बार झाला की टोपी जळते, दारूचा वायू होतो, गोळी निघून जाते. पुंगळी मागे राहते, आणि चौघांत महाग तीच असते. पोलिसांना ती पुरावा म्हणून हवी असते. अमेरिकेतला हौशी नेमबाज ती वाकून वेचतो आणि खिशात टाकतो.

वेचलेली पुंगळी लगेच भरता येत नाही. बाराच्या दाबाने ती फुगून बंदुकीच्या घराच्या मापाची झालेली असते. तिला पोलादी डायमध्ये दाबून पुन्हा बारीक करावे लागते, जळालेली टोपी बुडातून ढकलून काढावी लागते, मान लांबली असेल तर कापावी लागते. मग नवी टोपी, मोजलेली दारू, नेमक्या खोलीवर बसवलेली गोळी. पुण्यातल्या कुठल्याही वर्कशॉपमधल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. डाय, दाब, वंगण हे शब्द त्याच्या रोजचे आहेत. वंगण लावायला विसरले की पुंगळी डायमध्ये अडकून बसते; नवख्याची पहिली फजिती बहुधा हीच असते. तिने फार तर संध्याकाळ वाया जाते.

हे कसब अमेरिकेतच का रुजले, याचे एक कारण अगदी क्षुल्लक वाटावे असे आहे : टोपीची घडण. १८६६च्या सुमारास टोपीच्या दोन रचना पुढे आल्या. एक इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याची, दुसरी अमेरिकी हायरम बर्डनची. बॉक्सरच्या रचनेत टोपीच्या पोटातच छोटी ऐरण असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक. वरून एक सुई घातली की जळकी टोपी खाली पडते. बर्डनच्या रचनेत ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवलेली असते आणि बाजूला दोन बारीक भोके. सुई घालायला जागाच नाही. टोपी उचकटून काढावी लागते. गंमत अशी, की इंग्रजाची रचना अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपच्या लष्करांनी. युरोपातल्या लष्करी पुंगळ्या त्यामुळे बहुतेक भंगारात गेल्या आणि अमेरिकेतल्या लोकांच्या टेबलांवर. (आपला खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, म्हणजे बॉक्सरच्या पेटंटनंतर तीनच वर्षांनी उभा राहिलेला.)

या कसबाचे बालपण मात्र सुखाचे नाही. १८७०च्या दशकात अमेरिकेच्या माळरानांवर बायसन मारत फिरणारे शिकारी गाडीत शिसे, दारू, टोप्या आणि भरण्याची हत्यारे घेऊन निघत. शहर दूर, काडतुसे महाग. दिवसभर मारायचे, रात्री शेकोटीच्या उजेडात शिसे वितळवून गोळ्या ओतायच्या, पुंगळ्या भरायच्या. दहापंधरा वर्षांत कोट्यवधींचे कळप जाऊन शेकड्यांनी मोजावेत इतके बायसन उरले. घरगुती काडतुसांच्या इतिहासात हे पान सहसा कौतुकाने लिहिले जाते, शिकाऱ्यांच्या स्वावलंबनाबद्दल. मला ते तसे वाचवत नाही.

आता समासातल्या ओळीकडे यायला हवे. त्यासाठी दारू समजून घेऊ. (मराठीत हे वाक्य लिहिण्याची पंचाईत आहे, पण दुसरा शब्द नाही.) लहानपणी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाड्यातली पोरे न फुटलेले फटाके गोळा करायचो, ते मोडून आतली दारू वर्तमानपत्रावर काढायचो आणि लांबून उदबत्ती लावायचो. भस्सकन जाळ व्हायचा, धूर व्हायचा. आवाज मात्र व्हायचा नाही. एकदा माझ्या भुवया त्यात गेल्या आणि आईचा मारही मिळाला, पण प्रश्न डोक्यात राहिला : हीच दारू सुतळीत आवळली की कानठळ्या बसवते, मग कागदावर नुसती भस्स का करते? उत्तर कोंडण्यात आहे. मोकळी दारू जळते आणि तिचा वायू निघून जातो. कोंडलेल्या दारूचा वायू तिथेच राहतो.

जुनी काळी दारू, सोरा-गंधक-कोळशाची, आणि १८८४मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने केलेली बिनधुराची दारू यांतला फरक इथे कळतो. बिनधुराच्या दारूवर दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो, आणि हे चक्र एका सेकंदाच्या हजाराव्या भागात पुरे होते. म्हणून माप थोडे वाढवले तर दाब थोडा वाढून थांबत नाही; पुष्कळ वाढतो. नवख्याच्या मनातला त्रैराशिकाचा हिशोब इथे लागू पडत नाही.

दुसरा फरक याहून साधा आहे आणि याहून घातकही. काळ्या दारूच्या काळात पुंगळी दारूने जवळजवळ भरलेली असायची. पुंगळीचे पोट हेच माप. जास्त घालायचे म्हटले तरी मावणार नाही. बिनधुराची दारू कितीतरी जोरकस, त्यामुळे ती थोडीच लागते. पण पुंगळ्या जुन्याच मापाच्या राहिल्या. याचे ठळक उदाहरण म्हणजे रिव्हॉल्व्हरचे पॉइंट थर्टी-एट स्पेशल हे काडतूस. ते १८९८चे, काळ्या दारूच्या हिशोबाने बेतलेले. त्यात निशाणेबाजीसाठी बिनधुराच्या दारूचे हलके माप टाकले की ते तळाशी कुठेतरी बसते आणि वर सगळी पोकळी. म्हणजे एकदा दारू घातली आणि, फोन वाजला म्हणा, कुणी हाक मारली म्हणा, लक्ष विचलित होऊन त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा घातली, तरी ती आत निमूटपणे मावते. वरून गोळी बसली की बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. ते काडतूस इतर एकोणपन्नासांसारखेच दिसते. तो बार झाला तर रिव्हॉल्व्हरचे चाक फाटू शकते.

'दोनदा पडली असेल' ती ही. आणि ज्या पानावर ती ओळ आहे, ते पान पॉइंट थर्टी-एट स्पेशलचेच आहे.

पन्नासचाही उलगडा होतो. पिस्तुलाची काडतुसे पन्नासाच्या खोक्यात येतात, म्हणून भरताना पुंगळ्या उभ्या करायच्या लाकडी ठोकळ्यालाही बहुधा पन्नास खळगे असतात. पुस्तक नवख्याला सांगते, की पन्नासही पुंगळ्यांत दारू घालून झाल्यावर, एकावरही गोळी बसवण्याआधी, ठोकळा दिव्याखाली धरा आणि प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहा. सगळ्यांची पातळी सारखी दिसली पाहिजे. आपला पेन्सिलवाला त्या दिवशी बहुधा ते विसरला, किंवा पाहिले की नाही हेच त्याला आठवेना. मग काडतुसे मोडण्यावाचून इलाज नव्हता. त्यासाठी हातोडीसारखे एक हत्यार मिळते : पोकळ डोक्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटायचे, झटक्याने गोळी सुटते, दारू त्याच पोकळीत सांडते. एका काडतुसाला दोनतीन ठोके. पन्नासांना अख्खी संध्याकाळ. आणि त्यात दोनदा भरलेले एकही निघाले नसण्याचीच शक्यता जास्त. निघाले की नाही, हे त्याने लिहिलेले नाही.

मापाबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. ही मंडळी दारू 'ग्रेन'मध्ये तोलतात. सात हजार ग्रेनचा एक पौंड. इंग्रजांनी आपला तोळा कायम केला तो १८० ग्रेनचा. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी जास्त. अमेरिकेतला हा नवखा ग्रेनाच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो, म्हणजे गुंजेच्या विसाव्या भागाच्याही आसपास. आपल्या सराफाने हा तराजू पाहिला असता तर आदराने मान डोलावली असती. पंखा बंद करा, तराजूवर श्वास सोडू नका, ही सूचनाही त्याला ओळखीची वाटली असती.

सगळे इतके बारकाईने तोलून शेवटी नवख्याला काय कळते? गोळी किती वेगाने गेली हे यंत्र घेऊन मोजता येते. कागदावरचे छिद्र दिसते. पण ज्या गोष्टीने बंदूक फुटते तो आतला दाब त्याला घरी मोजता येत नाही. प्रयोगशाळेत जुन्या रीतीने तांब्याची एक छोटी गुटी नळीला जोडून ठेवत आणि बारानंतर ती किती चेपली ते पाहत; आता विद्युत संवेदक वापरतात. दाबाच्या मर्यादा अमेरिकी कारखानदारांच्या १९२६मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने बांधून दिल्या आहेत. घरी यातले काहीच नसते. टोपी चपटी झाली, पुंगळी अडकली ही लक्षणे आहेत, पण ती उशिरा दिसतात, कधी दिसतही नाहीत. म्हणजे सगळ्यांत महत्त्वाच्या बाबतीत घरगुती कारागीर आंधळा असतो, आणि त्याची काठी म्हणजे छापील तक्ता. तक्त्यात सुरुवातीचे माप असते आणि कमाल असते. खालून सुरू करायचे, थोडे थोडे वर जायचे. गोळी बदलली, टोपी बदलली, दारूचा डबा जरी नवीन फोडला, तरी पुन्हा खाली उतरायचे. मित्राने सांगितलेले माप वापरायचे नाही, आठवणीतले तर मुळीच नाही.

मी स्वतःच शिकलेला माणूस, त्यामुळे हे वाचताना जरा दुखलो. आम्हा मंडळींचा सगळा भरवसा अनुभवावर असतो. 'करून पाहिले, जमले' हा आमचा पुरावा. या कसबात तोच पुरावा सगळ्यांत फसवा. काल चूक केली आणि काही झाले नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पोलादात राखून ठेवलेली ताकद होती, ती कामी आली, इतकेच. तरीही हे कसब उभे केले ते स्वतः शिकलेल्यांनीच, आणि पुस्तकेही त्यांनीच लिहिली.

त्यांतली काही माणसे सांगण्यासारखी आहेत. कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन नावाचा माणूस वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत डाय बनवायचा. युद्धामुळे गोळ्या मिळेनाशा झाल्या होत्या. फेकून दिलेल्या पॉइंट टू-टूच्या पुंगळ्या तो गोळीची साल म्हणून वापरू लागला आणि १९४३मध्ये त्याच्या उद्योगाला सुरुवात झाली. रॉक चक नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या शिकारीला लागणारी गोळी दाबायचे यंत्र, या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून 'आरसीबीएस' झाले; आजही त्या हिरव्या रंगाच्या प्रेस जगभर विकल्या जातात. दुसरा ब्रूस हॉजडन, कॅन्ससमधला, गॅस कंपनीचा विक्रेता. महायुद्ध संपल्यावर सरकारकडे रायफलींच्या काडतुसांची दारू उरली होती. त्याने आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ती घेतली, शेतात ठेवलेल्या एका जुन्या रेल्वे डब्यात साठवली आणि टपालाने विकू लागला. विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली याने १९५८मध्ये हातात मावेल एवढा संच काढला : ना प्रेस, ना टेबल, फक्त लाकडी हातोडी आणि दारू मोजायचा चमचा. कित्येक अमेरिकनांनी पहिले काडतूस भरले ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, असल्या संचाने.

ओटा म्हटला की घरातली इतर माणसे आली. टोपीत पूर्वी पाऱ्याचे फल्मिनेट असायचे. त्यातला पारा पितळेत शिरून पुंगळी ठिसूळ करायचा, त्यामुळे पुन्हा भरणेच धोक्याचे होई. ते गेले आणि शिशाची संयुगे आली. आता धोका पुंगळीऐवजी माणसाला. वापरलेल्या पुंगळ्या घासताना जी धूळ उडते तिच्यात शिसे असते, आणि ते लहान मुलांना सर्वांत वाईट. म्हणून हात धुवा, तिथे खाऊ नका, पुंगळ्या स्वयंपाकाच्या भांड्यांत धुऊ नका. दारू मूळ डब्यातच ठेवा आणि टेबलावर एका वेळी एकच डबा, कारण काळसर दाणे सगळे सारखेच दिसतात आणि दोन जातींची अदलाबदल म्हणजे पुन्हा तेच फाटलेले पोलाद. साठा मोठा असेल तर तो जाड लाकडी पेटीत ठेवावा असे तिथल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत आहे. मला वाटले होते लोखंडी तिजोरी सांगतील. पण आग लागलीच तर लाकडी पेटी उघडी पडते आणि दारू भस्सकन जळून जाते; तिजोरीत ती कोंडली जाईल. आमच्या वर्तमानपत्रावरचा प्रयोग आणि सुतळी बॉम्ब!

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात गडाच्या प्रकरणात दारूखान्याविषयी सूचना आहेत. दारूखाना घराजवळ नसावा, दारू वेळोवेळी बाहेर काढून ऊन द्यावे, पुन्हा मोहर करून ठेवावी. अमेरिकेतल्या पुस्तकाचा लेखक आणि आमचे अमात्य यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दारू शेजारी घेऊन ज्यांना झोपायचे आहे, त्यांची भाषा सारखी होते. दोन्हीकडे वाक्ये आखूड आणि आज्ञार्थी.

एवढा उपद्व्याप लोक करतात कशासाठी? पैसे वाचतात असे सगळे म्हणतात, आणि वाचत नाहीत हेही सगळे कबूल करतात. स्वस्त पडते म्हणून दुप्पट उडवतात. काहींना विशिष्ट रायफलीला मानवणारे काडतूस हवे असते, कारखान्याच्या सरासरी मालापेक्षा नेमके. आणि मधूनमधून टंचाई येते. २०१३मध्ये आणि पुन्हा २०२०मध्ये बंदुका व काडतुसे यांच्यावर उड्या पडल्या, टोप्या दुकानांतून नाहीशा झाल्या, आणि नेमके तेव्हाच नवखे मोठ्या संख्येने या कामाकडे वळले. घाबरलेला माणूस शिकायला बसतो तेव्हा तो सूचना किती नीट वाचत असेल, याची मला काळजी वाटते. आणि पुस्तकात एक गोष्ट कुठेच नाही. दाब, वेग, घट्टपणा, सगळे आहे. गोळी शेवटी कशाला लागते ते नाही. फार तर 'लक्ष्य'. ज्या देशात दरवर्षी हजारो माणसे गोळीने मरतात तिथे हे मौन मला खटकते. पुस्तक आवडले म्हणून ते खटकणे कमी होत नाही.

आपल्याकडे हे कसब का माहीत नाही, याला कायद्याइतकेच आपल्या नेमबाजीचे स्वरूपही कारण आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातले काडतूस पॉइंट टू-टू रिमफायर. त्याला वेगळी टोपी नसते. पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते, आणि घोड्याने ती कड चेपली की ती पुंगळी संपली. ती पुन्हा भरण्याची सोय नाही. एअर रायफलला तर काडतूसच नाही.

पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे. पॉइंट थर्टी-एटची पाने इतरांपेक्षा मळकी आहेत. 'पन्नासही मोडली' या ओळीनंतरची नोंद तीन आठवड्यांनी केलेली आहे. तोच दारूचा प्रकार, पण माप पुन्हा तक्त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यावर. त्याआधीच्या नोंदींत नसलेली एक खूण इथून पुढे प्रत्येक तारखेसमोर आहे, वर्तुळ आणि त्यात ठिपका. आधी मला तो नेमबाजीचा चांदवा वाटला. आता वाटते, ती वरून पाहिलेली पुंगळी असावी.